चौथा रकाना

माझी पाळी जायला लागली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती ती. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला होते. गोळ्यांच्या स्ट्रिप हातात घ्यायच्या, फुटकी गोळी किंवा रिकामा खड्डा दिसला तर बाजूला काढायची, बाकीच्या दहा-दहा मोजून खोक्यात भरायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, गळ्यापर्यंत बटणं लावलेला ॲप्रन. पंखे लावायचे नाहीत, भुकटी उडते म्हणून.

पहिली वाफ तिथेच आली. छातीच्या मधोमध कुणीतरी स्टो पेटवल्यासारखं झालं आणि ते वर मानेत, कानांत, टाळूपर्यंत चढलं. फडक्याच्या आत ओठांवर घाम साचला. हातातली स्ट्रिप मी तशीच धरून उभी राहिले. तीन-चार मिनिटांत ते उतरलं आणि मग थंडी वाजायला लागली. मला वाटलं, हार्टचं काहीतरी असेल. भीती मात्र वाटली नाही. त्या काळात मला बहुतेक गोष्टी वाटतच नव्हत्या. जेवायची वेळ झाली की जेवायचे, कंपनीची बस आली की चढायचे, पगाराच्या दिवशी सही करायचे. मोठ्या मुलीचं लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली तेव्हा मांडवात सगळ्या रडल्या. मी पाहुण्यांच्या पानात काय कमी आहे ते बघत होते.

दिवसातून सात-आठ वेळा वाफा यायला लागल्या तेव्हा लाइनवरच्या बायकांनी ओळखलं. एकीने सब्जा सांगितला, एकीने गुलकंद, एकीने माठात वाळा टाकायला सांगितला. मी सगळं केलं. काहीच फरक पडेना. शेवटी उल्हासनगरच्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या सिंधी होत्या, कपड्याच्या दुकानांच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता, आणि आमच्या घरातली सगळी दुखणी वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायची. त्यांनी बीपी बघितलं, आईला काय झालं होतं विचारलं. आईला छातीत गाठ झाली होती, त्यातच ती गेली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"देखो, गोळी आहे याच्यावर," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला मी ती देणार नाही. आई का ऐसा हुआ है, तुमचा बीपीपण वर आहे. तुम्ही शनिवारी या. वरच्या खोलीत एक मॅडम येतात. मन का इलाज करतात."

"मला वेड लागलंय का?"

"वेड लागलेल्यांना मी खाली बसवते, माझ्याजवळ," त्या हसून म्हणाल्या. "शनिवारी चार बजे."

फर्स्ट शिफ्ट सुटली की चारला पोचता येत होतं. म्हणून गेले. नाहीतर गेले नसते.

जिना चढून वर गेले तर खोलीत चटईवर चार बायका बसल्या होत्या. दोघी सिंधी बहिणी होत्या, एक अंबरनाथच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या आणि चौथ्या माझ्या मोठ्या जाऊबाई.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. बदलापूरला, कात्रपच्या बाजूला, आमच्या सासऱ्यांनी बांधलेल्या ओळीने चार खोल्या होत्या. दोन मोठ्या दिरांकडे, दोन आमच्याकडे. पुढे सलग ओसरी, अंगणात एक नळ. आता तिथे बिल्डिंगी आहेत. तेव्हा घरामागून शेतं सुरू व्हायची. जाऊबाई वांगणीकडच्या एका पाड्यातल्या, शाळेत कधी न गेलेल्या. भातलावणी, कोंबड्या, घरचं सगळं त्यांच्या हाताखाली. मी लग्न होऊन आले ते मॅट्रिक होऊन, आणि वर्षाभरात नोकरीला लागले. माझ्या मोठ्या मुलीला त्यांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल.

मोठीनंतर नऊ-दहा वर्षांनी मला दुसरी मुलगी झाली. कुणाला अपेक्षा नव्हती. ती अडीच वर्षांची असताना एक दिवस माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळपासून ती जरा किरकिरत होती. निघताना मी तिला जाऊबाईंच्या कडेवर दिलं आणि बस पकडली. दुपारी तिला ताप चढला, संध्याकाळी झटके आले. घरात पुरुष कुणी नव्हते. जाऊबाई तिला घेऊन गावातल्या डॉक्टरकडे गेल्या, तिथून रिक्षाने उल्हासनगरच्या हॉस्पिटलात. मला कंपनीत निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जाऊबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर तिचं झबलं होतं, ओलं.

तेराव्याच्या दिवशी, सगळे जेवून उठल्यावर, मी त्यांना एक वाक्य बोलले. "तुमच्याकडे ठेवून गेले होते."

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. अकरा वर्षं. नळावर त्यांची बादली असली तर मी थांबायचे, माझी असली तर त्या थांबायच्या. गणपतीत एकाच ताटात मोदक वळायचो. काही सांगायचं असलं तर माझे मिस्टर त्यांच्या भावाला सांगायचे आणि दीर जाऊबाईंना. त्यात भांडण असं काही उरलं नव्हतं. सवय झाली होती.

तर त्या दिवशी वरच्या खोलीत मी त्यांच्यापासून सगळ्यात लांबची जागा घेतली. त्याही मला बघून खिडकीकडे वळल्या. त्यांचं वय एक्कावन्न-बावन्न असेल. त्यांना हे होतंय हे मला माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे राहत होतो आम्ही.

मॅडम तिशीच्या होत्या. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या आणि शनिवारी इथे यायच्या. आवाज बारीक, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "वाफ येते ती शरीराची. ती मी थांबवू शकत नाही. पण ती आली की मनात जे धावायला लागतं, त्याने ती दुप्पट होते. त्या दुसऱ्या भागावर आपण काम करू. आठ शनिवार. घरी सराव केलात तर उपयोग, नाहीतर रिक्षाचे पैसे फुकट."

मग त्यांनी श्वास शिकवला. एक हात छातीवर, एक पोटावर. छातीवरचा हलायचा नाही, पोटावरचा उचलला गेला पाहिजे. पाच मोजेपर्यंत आत घ्यायचा, पाच मोजेपर्यंत सोडायचा. वाफ चढतेय असं वाटलं की पळायचं नाही, पदर झटकायचा नाही, बसायचं आणि मोजायचं. सिंधी बहिणींतली धाकटी म्हणाली की तिला मोजता मोजता झोप येते. मॅडम म्हणाल्या, येऊ दे.

"सुरुवातीला स्वतःच मोजलं की गडबड होते," त्या म्हणाल्या. "एकीने मोजायचं, दुसरीने श्वास घ्यायचा. घरी कुणीतरी जोडीला हवं." त्यांनी दवाखान्याची कार्डं चाळली. मग थांबून एकदा माझ्याकडे आणि एकदा जाऊबाईंकडे बघितलं. "अरे, तुम्ही दोघी तर एकाच घरातल्या! जावा ना? मग उत्तमच झालं. तुमची जोडी."

मी बोलले असते तर तिथेच संपलं असतं. जाऊबाईही बोलू शकल्या असत्या. पण अकरा वर्षं न बोलणाऱ्या बायकांनी परक्या माणसासमोर एवढं सगळं कुठून सुरू करायचं? मॅडमनी चटई सरकवली. मी जाऊबाईंसमोर बसले. त्यांनी डोळे मिटले, हात पोटावर ठेवला.

मी म्हटलं, "एक. दोन. तीन. चार. पाच."

अकरा वर्षांनी मी त्यांच्याशी बोललेले शब्द हे. आतून मला काहीही झालं नाही. मी फक्त बघितलं की त्यांच्या भुवया पिकल्या होत्या.

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी प्रत्येकीला एक वही दिली. पानावर चार रकाने आखायचे. वाफ आली तेव्हा कुठे होते, काय करत होते. मनात काय आलं. त्रास दहापैकी किती. आणि चौथा, आणखी काय खरं असू शकतं. "मनात आलेलं सगळं खरं नसतं," त्या म्हणाल्या. "पण उगाच गोड काहीतरी लिहायचं नाही. जे खरं असेल तेवढंच."

जाऊबाई म्हणाल्या, "मला लिवता येत नाय बाई."

"जोडीदारीण लिहून देईल," मॅडम म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

अशी ती वही माझ्याकडे आली. दोघींच्या दोन वह्या.

माझी वही सोपी होती. कंपनीत मालाच्या नोंदीचं बॅच-कार्ड भरायचे तशी भरली. पॅकिंग लाइन, स्ट्रिप मोजत होते. सगळ्या बघताहेत, मी इथेच पडणार, मला घरी बसवतील. आठ. तिसऱ्या शनिवारी मॅडमनी ते वाचून विचारलं, "बघत होत्या का खरंच?"

"बघतच असतील."

"विचारलंत कुणाला?"

मी नाही म्हटलं. त्यांनी मला काम दिलं, शेजारणीला विचारून या. सोमवारी माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईला वाफ उतरल्यावर लगेच विचारलं, "आत्ता मी कशी दिसत होते गं?"

"आत्ता कधी?" ती म्हणाली. "तू तर मोजत होतीस."

घामाने माझी कानशिलं भिजली होती आणि तिला काही कळलं नव्हतं. चौथ्या रकान्यात मी ते लिहिलं. त्या आठवड्यापासून माझे आकडे खाली यायला लागले. वाफा तेवढ्याच यायच्या, पण मी त्यांची वाट बघत उभी राहणं सोडलं. मॅडमना आनंद झाला. मीही बरं म्हटलं.

जाऊबाईंची वही तशी नव्हती.

रोज संध्याकाळी, शिफ्ट करून आले की चहा घेऊन मी ओसरीवर बसायचे. त्याही त्यांच्या दारातून येऊन बसायच्या. मी त्यांच्यासाठी मोजायचे, मग त्या माझ्यासाठी मोजायच्या. त्या मोजताना कधी घाई करत नसत. पाचाला पोचल्यावर जरा थांबत. मग वही. मी विचारायचे, "कुठे होतात?" त्या सांगायच्या, "चुलीपाशी." "मनात काय आलं?" पहिले चार-पाच दिवस नुसतं "काय नाय" म्हणाल्या. त्रास मात्र दहा. रोज दहा.

आमच्या घरच्या पुरुषांनी हे बघितलं. कुणी काही विचारलं नाही. दीर ओसरीवरून जाताना चपला हातात घेऊन जायला लागले, आवाज होऊ नये म्हणून.

मग एका संध्याकाळी त्या वाल निवडत होत्या. मी पेन घेऊन बसले होते. त्यांना वाफ आली. मला दिसली, गळ्यापासून वर लाल होत गेल्या. मी मोजायला लागले. बारा-पंधरा श्वास झाले असतील. उतरल्यावर मी नेहमीचं विचारलं, "मनात काय आलं?"

सुपातला हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "पोरीचं अंग."

मी पेन टेकवलं नाही.

"लिव की," त्या म्हणाल्या. "असंच तापलं होतं तिचं अंग. माझ्या खांद्यावर डोकं होतं, त्या चटक्यानं खांदा भाजत होता. आता मला हे असं भरून आलं की वाटतं, तीच कडेवर हाय. मी फडकी भिजवून ठेवत बसले. चार वाजता उचलून न्यायला पायजे होती. नाय नेली. दिवे लागेस्तवर बसले. एवढंच येतं मनात. दर टायमाला तेवढंच."

मी लिहिलं. अक्षर सरळ आलं. पोरीचं अंग, खांदा, फडकी, चार वाजता. तिसऱ्या रकान्यात दहा. चौथा मोकळा ठेवला आणि वही मिटली. आत जाऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या. मला रडायला यायला हवं होतं असं वाटलं, पण आलं नाही. बोटांवर शाई लागली होती ती साबणाने घासली.

पुढच्या शनिवारी मॅडमनी जाऊबाईंची वही वाचली.

"कोणाची मुलगी?" त्यांनी विचारलं.

"घरातली," जाऊबाई म्हणाल्या.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. कदाचित कळलं असेल, कदाचित नसेल. त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा सगळीकडे रिकामा आहे. का?"

"त्या काही सांगत नाहीत," मी म्हटलं.

"त्यांना माहीत नसेल तर कसं सांगतील? तुम्ही घरातल्याच आहात. तुम्हाला काही ठाऊक असेल तर ते लिहा. मात्र खरं असेल तरच. समजूत काढायला म्हणून नको."

आता जे सांगतेय ते मी तोपर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलगी गेल्यावर आठवड्याने मी हॉस्पिटलात कागद आणायला गेले होते. तिथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, मेंदूत ताप गेला होता, फार जोरात आला होता. असा आला की तास-दोन तासांनी काही फरक पडत नाही, दुपारी आणली असती तरी बहुधा हातात काही नव्हतं. ज्यांनी आणलं त्यांनी करायचं ते केलं. मग म्हणाले, "घरी सांगा हे. घरातल्या बायका स्वतःला खात बसतात."

मी हो म्हटलं. कागद पिशवीत घातला आणि घरी आले. तेरावा त्यानंतर आला. मी सांगितलं नाही, उलट ते वाक्य बोलले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आणखीही एक गोष्ट होती. त्या सकाळी तिच्या कपाळाला हात लावला तेव्हा ते मला किंचित कोमट लागलं होतं. लागलं होतं, आणि तरी मी बस पकडली. डॉक्टरांचं म्हणणं घरी सांगितलं असतं तर मग कुणाचीच चूक उरली नसती. ते मला चालण्यासारखं नव्हतं. कुणाची तरी हवी होती. ती त्यांची आहे असं ठरवलं, आणि ठरवल्यावर आत सगळं शांत झालं. अकरा वर्षं शांत होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी जाऊबाईंची वही घेऊन आमच्या खोलीत बसले आणि चौथा रकाना भरला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. त्याखाली, सकाळी कपाळ कोमट होतं, ते आईला माहीत होतं. एवढं लिहायला मला दीड तास लागला.

आणि मग लक्षात आलं, त्यांना वाचता येत नाही.

बाहेर त्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. दीर शेतावर, माझे मिस्टर आत झोपलेले. मी समोर बसले आणि म्हटलं, "चौथा रकाना लिहिलाय. वाचून दाखवते."

त्यांनी मान हलवली.

मी वाचलं. बॅच-कार्ड सुपरवायझरला वाचून दाखवते तशा आवाजात वाचलं, दुसरा आवाज निघालाच नाही. शेवटची ओळ वाचून थांबले. नळाखालच्या बादलीत पाणी पडत होतं.

"कधी सांगितलं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"त्याच आठवड्यात."

"त्याच आठवड्यात."

"हो."

"आणि तुला ठाव होतं."

"हो."

त्या उठल्या नाहीत. पायाच्या अंगठ्याने ओसरीच्या सारवणावर रेघ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "परत वाच."

मी परत वाचलं. कपाळाच्या ओळीपाशी त्यांनी डोळे मिटून घेतले.

"त्रास किती लिहू?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचलं नाही.

"दहा लिव," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. दार पुढे ओढलं, आतून कडीला हात घातल्याचा आवाज आला, पण कडी लावली नाही.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. सहा दिवस मी संध्याकाळी चहा घेऊन ओसरीवर बसले, एकटीच मोजलं, आत गेले. नळावर त्या दिसल्या की बघत नव्हत्या. आधीही नव्हत्या बघत, पण हे वेगळं होतं. आधी आम्ही दोघी नुसत्या बघत नव्हतो. आता त्या मला बघायचं नाही म्हणून बघत नव्हत्या. त्या शनिवारी उल्हासनगरलाही आल्या नाहीत. मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "चौथा रकाना लिहिला. वाचून दाखवला."

"खरं होतं?"

"हो."

"मग थांबा," त्या म्हणाल्या. "आणि वही तुमच्याकडे नका ठेवू. त्यांची आहे, त्यांच्याकडे द्या."

घरी येऊन मी वही त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली. त्या रात्री जेवताना मी मिस्टरांना सगळं सांगितलं. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "दादाला सांगायला हवं," आणि हात धुऊन पलीकडे गेले. दोघं भाऊ तासभर बसले होते. भिंतीतून बोलणं ऐकू येत नव्हतं, मधेच कुणीतरी खाकरत होतं.

मंगळवारी संध्याकाळी जाऊबाई ओसरीवर आल्या. बगलेत वही होती. त्यांनी ती माझ्यासमोर टाकली, ठेवली नाही.

"तू बोलली असतीस तर मी रडून मोकळी झाले असते तवाच," त्या म्हणाल्या. "माझी पण होती ती."

"हो."

"नुसतं हो काय?"

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर निघालं, "माझी चूक झाली, जाऊबाई." फार साधं वाक्य होतं. इतकं साधं की बोलून झाल्यावर मलाच खोटं वाटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, अगदी वेळ घेऊन, आणि म्हणाल्या, "तुला अजून काय होत नाय ना? दगड झालीस तू."

मी म्हटलं, "हो. झालेय."

"मोज," त्या म्हणाल्या आणि पोटावर हात ठेवला.

पुढचे शनिवार माझी शिफ्ट सुटायच्या वेळी त्या अंबरनाथला येऊन थांबायच्या आणि आम्ही दोघी एकाच रिक्षाने जायचो. वाटेत बोलायचो नाही. एकदाच, उल्हासनगरात उतरल्यावर एका दुकानाबाहेर टांगलेले गाउन बघून त्या म्हणाल्या, "हे मोकळं बरं पडंल, गळ्याला लागत नाय." आम्ही दोन घेतले, एकाच कापडाचे. दुकानदार म्हणाला, "दोनों सिस्टर हो क्या?" जाऊबाई म्हणाल्या, "नाय, जावा," आणि गाउनची शिवण ओढून बघायला लागल्या.

त्यांच्या वहीत आकडे हळूहळू उतरले. नऊ. नऊ. आठ. मधेच परत दहा. दुसऱ्या रकान्यात बरेच दिवस पोरीचं अंग येत राहिलं. मी प्रत्येक वेळी ते लिहायचे आणि प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "आता चौथा वाच." मी तोच मजकूर वाचायचे. पाठ झाला होता, तरी बघून वाचायचे. सातव्या आठवड्यात एक दिवस त्या गवार मोडत असताना वाफ आली. श्वास झाले. मी विचारलं, मनात काय आलं?

त्यांनी विचार केला. "काय नाय," म्हणाल्या. "गरम झालं."

मी लिहिलं, गरम झालं. त्रास तीन.

मॅडमचे आठ शनिवार संपल्यावर त्यांनी प्रत्येकीला विचारलं काय फरक पडला. शिक्षिका म्हणाल्या, वर्गात आता पाठ फिरवून फळ्याकडे उभी राहत नाही. सिंधी बहिणींतली थोरली म्हणाली, वाफ येते तशीच येते, पण मी आता धाकटीवर ओरडत नाही. माझ्या वाफा जवळजवळ तेवढ्याच होत्या, त्रास दोन-तीनवर आला होता. तेवढं मी सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "मला झोप लागते." मॅडमनी लिहून घेतलं. त्यापुढच्या वर्षी त्यांची बदली झाली असं डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

माझ्या वाफा कधी थांबल्या ते सांगता येत नाही. दीड-दोन वर्षांत कमी होत गेल्या असाव्यात. एक दिवस लाइनवर एक नवी बाई ॲप्रनच्या बाहीने मान पुसायला लागली, तेव्हा मला आठवलं की मला बरेच दिवस आली नाही. तिला मी पोटावर हात ठेवायला शिकवलं. लोक विचारतात, मग जावांचं गूळपीठ झालं का? तसं काही झालं नाही. चुली वेगळ्याच राहिल्या. आम्ही बोलायचो, पण लागेल तेवढंच. पोरीचं नाव आमच्यात पुन्हा कधी निघालं नाही, आणि मी रडलेही नाही. काही लोकांना ते कधीच येत नसावं, किंवा फार उशिरा येत असेल. मी त्याची वाट बघत नाही.

शनिवार संपले त्याच्या पुढच्या मे महिन्यात जाऊबाई भाच्याच्या लग्नाला माहेरी चालल्या होत्या. निघताना पिशवी घेऊन त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"दहा दिवस नाय मी," म्हणाल्या. "कोंबड्यांना तेवढं बघ."

मी बघितलं. सकाळी दाणे टाकायचे, संध्याकाळी खुराडं लावायचे. सहाव्या दिवशी दुपारी मुंगूस आलं आणि तांबडी कोंबडी घेऊन गेलं. मी बसमधून उतरून आले तर अंगणात पिसं होती. जाऊबाई परत आल्या तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी मी सांगितलं, "तांबडी गेली. मुंगसाने नेली. मी कामावर होते."

त्या खुराड्यापाशी गेल्या, उरलेल्या मोजल्या.

"मुंगूस हाय ते, नेणारच," म्हणाल्या. मग पिशवीतून माहेरचे आंबे काढून चार माझ्या हातात दिले, अजून हिरवे होते, आणि म्हणाल्या, "तांदळात घाल. आठ दिवसांनी बघ."